आईच्या डोळ्यातल्या नव्या पेशी

मैत्रिणींनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

वयामुळे आईच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. समोरच्याचा चेहराच तिला दिसत नाही. माझा मावसभाऊ म्हणाला, “ताई, लोणावळ्यात माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, पडद्यावर नव्या पेशी बसवतात.” घरचाच माणूस, म्हणून मी काहीच विचारलं नाही. तोच तिला भाजे गावाहून गाडीतून न्यायचा, आणि परत आल्यावर ती म्हणायची, फरक पडलाय.

आज तळेगावच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला बाजूला घेतलं. “पेशी बसवण्याचे अजून प्रयोगच चाललेत. यांच्या डोळ्यात तसं काही केलेलं नाही.”

मी जिन्यातूनच भावाला फोन लावून हे सांगितलं.

“मला माहीत होतं, ताई,” तो शांतपणे म्हणाला. “पण मावशी खूश होती ना?”

बाहेर येऊन आईला विचारलं, “फरक पडलाय, असं का म्हणायचीस मग?”

“पोरगं इतक्या हौसेनं न्यायचं, त्याला न्हाई कसं म्हणू? लय जीव हाय त्याचा माज्यावर.”

गुण आला नाही तो आपल्याच नशिबाने, असं तिला वाटतंय. दृष्टी तर चाललीच आहे. आता तिचा भाचाही मीच हिरावून घेऊ का? तुम्ही सांगितलं असतं तिला?