पिंपावरची मांड

शिरूरच्या कचेरीत मी कारकून होतो तेव्हाची ही गोष्ट. इतकी वर्षं मी ती चुकीची सांगत आलो आणि लोक हसत आले.

नवे साहेब घोड्यावरून फिरतीला जायचे. मांडवगणच्या फिरतीला एकाला सोबत न्यायचं आणि त्यालाच सर्कलची जागा द्यायची, असं त्यांच्या मनात होतं. "घोड्यावर बसता येतं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. तोवर मी फक्त खुर्चीवर बसलो होतो.

हाताशी दोन महिने होते. घरी आढ्याला दोर बांधून घासलेटाचं रिकामं पिंप आडवं टांगलं, वर घोंगडी टाकली आणि रोज सकाळी स्वार झालो. बायको दोर ओढून पिंप हलवायची. स्वारी म्हणजे मांड घट्ट हवी, एवढं ऐकून होतो. म्हणून उतरल्यावर गुडघ्यांत पितळी कळशी आवळून धरायचो. महिन्याभरात कळशीला पोचा आला.

"घोडं कवा येणार ठावं न्हाई, माझी कळशी मातुर गेली," बायको म्हणाली.

शेजारचे आप्पा खिडकीतून विचारायचे, "भाऊसाहेब, तुमचं पिंप दाणा काय खातंय ओ?"

फिरतीच्या दिवशी माझ्यासाठी आणलेली घोडी एका म्हाताऱ्या टांगेवाल्या मामांची होती. जुम्म्याची नमाज सोडली तर मामा तिच्याजवळून हलत नसत. रिकीब धरून ते म्हणाले, "मांडी आवळू नका, भाऊसाहेब. आवळली की पळायचं, हे मीच तिला शिकवलंय. सैल बसा, गरिबावानी चालती."

दोन महिन्यांची तपश्चर्या सोडून टांगेवाल्याचं काय ऐकायचं? साहेब बघत होते. मी बसलो आणि आवळली. घोडी सुटली. घाबरून आणखी आवळली. ती आणखी पळाली. पिंपाला कितीही आवळलं तरी ते कुठं जात नाही, हे मला तोवर सुचलं नव्हतं. बाजारातून, मिरच्यांच्या ढिगातून थेट घोडनदीत. तिथं पाणी प्यायला तिनं मान खाली घातली आणि मी तिच्या कानांवरून पुढं गेलो.

"काय झालं?" मागोमाग आलेल्या साहेबांनी विचारलं.

"घोडी बिथरली, साहेब. खोडीची आहे."

मामाही धावत आले होते, लगाम धरून उभे होते. त्यांनी माझ्या मांड्यांकडे पाहिलं. "व्हय साहेब," ते म्हणाले, "जनावरच हाय."

पडून मोडलेला माझा हात बघून साहेबांना दया आली. जागा मला मिळाली, फिरती सायकलवर. पण घोडी बिथरते, हे गावभर झालं. त्या टांग्यात कुणी बायकापोरांना बसवेना. मामांनी ती विकली आणि दौंडला स्टेशनवर हमाली धरली.

काही वर्षांनी तिथंच माझी ट्रंक डोक्यावर घेत ते म्हणाले, "काय भाऊसाहेब, मांड अजून घट्ट हाय न्हवं?"

खरं बोलायला फलाट चांगला होता, माणसंही भरपूर होती. मी म्हणालो, "ट्रंक जपून, मामा."

मामा आता नाहीत. तरी शिरुरात ज्यांच्या घरी ती बिथरलेली घोडी अजून सांगितली जाते, त्यांनी ऐकावं. ती बिथरली नव्हती. तिला शिकवलेलं तिनं चोख केलं. खोड वर बसलेल्यात होती.