कमी दिसणाऱ्यांचा बाक

डोळ्यांच्या दवाखान्यात लो व्हिजनचा बाक वेगळा असतो. चष्म्यानं आणि ऑपरेशननंही ज्यांचं भागत नाही, ते आम्ही तिथं बसतो. दिसतं कमी, म्हणून ऐकतो जास्त. किस्से मग आपोआप साचतात. मी शाळेत गेले नाही, वाचायला एकटीनं शिकले; तेव्हा सांगायलाही कुणाची परवानगी घेत नाही.

*

त्या दिवशी मात्र माझीच तपासणी होती. मुलगा प्रमोद सोबत होता. आई तपासणीत नापास झाली, की ती एकटी राहते ते स्मृति नगरचं घर भाड्यानं द्यायचं आणि तिला नेहरू नगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये न्यायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

"आई, तुले गॅस दिसत नाई. जिद छोड ना आता."

"दिसत नाई, पण ऐकू येते."

तो मोबाईल पाहत बसला.

*

आमच्या आधी चरोद्याचे एक रिटायर्ड रेल्वे ड्रायव्हर. इंजिनात असिस्टंटनं सिग्नल पुकारायचा आणि ड्रायव्हरनं तोच पुन्हा म्हणायचा, ही त्यांची जन्माची सवय. दार उघडंच; आत बायको शेजारी बसलेली. तपासणाऱ्या मुलीनं तक्त्यावर बोट ठेवलं.

"सात," बायको हळूच म्हणाली.

"सात!" साहेब खणखणीत.

सगळा तक्ता बरोबर. मुलगी म्हणाली, "अंकल, देख कौन रहा है?"

"असिस्टंट पाह्यते. मी कन्फर्म करतो."

बाईंना बाहेर पाठवलं. मग पहिल्याच आकड्यावर गाडी उभी राहिली. बाकावरचं हसू विरलं.

*

मग मी. वाटलं, अंधार करतील, थेंब घालतील. तर मुलगी गप्पाच मारायला लागली.

"अम्मा, घर में खुद क्या-क्या करना है?"

"सगळं. पेपर वाचाचा, सैपाक कराचा, पोराले खोटं पाडाचं."

तिनं तक्ता अगदी पुढ्यात आणला. मधला आकडा गायब. मागे प्रमोदची खुर्ची करकरली.

"सीधे मत देखिए. उसके बगल में देखिए."

पाहिलं. आठ उभा राहिला.

*

पांढऱ्या ताटात भात दिसत नाही म्हटलं, तर ती म्हणाली, ताट काळं घ्या.

"आमच्यात काळ्या ताटात नाई जेवत," प्रमोद.

"तू माह्या ताटात जेवून राहिला काय?"

*

तिनं दिलेल्या दिव्याच्या भिंगानं मी गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचलं. प्रमोद अडला, "इथं ठीक आहे. घरी एकटी काय करंन?"

मुलीनं त्याला एक गॉगल दिला. काचांच्या मधोमध काळा डाग. "अम्मा को ऐसा दिखता है. अब आप दवा निकालिए."

गोळी निसटून खाली टक्कन वाजली. तो वाकून चाचपत राहिला.

"आई, कुठं गेली?"

"तुह्या बुटापाशी."

तो उठला. मान इकडेतिकडे फिरवली. आवाज बारीक झाला.

"आई, तुहं तोंडच दिसून नाई राहिलं मले."

"माह्या कानाकडे पाह्य."

त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दिसली?"

"दिसली."

"मंग सांग आता, तुले कोणाच्या घरी ठेवाचं?"