दोघांनाही नंबर तीन

माझी आत्या टेलिफोन खात्यात केबल जोडायची. एकेका केबलमध्ये आठशे तारा, आणि एक जरी चुकली तरी तिचा दिवस खराब. निवृत्त झाल्यावर तिनं मागच्या खोलीत छोटी रेल्वे मांडली. रूळ, फलाट, दोन जुनी इंजिनं. कुणी 'खेळणी' म्हटलेलं तिला खपायचं नाही.

मग अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, पण डाव्या हाताची पकड कायमची गेली. बाबांनी लगेच खोली रिकामी करायचं मनावर घेतलं.

"ताई, आता आराम कर. हे कुणाला तरी देऊन टाकू."

"हात गेलाय माझा, डोकं नाही," आत्या म्हणाली. "उलट आता मी हे सगळं डिजिटल करणार आहे."

जुन्या पद्धतीत रुळांत वीज सोडली की रुळावरची सगळी इंजिनं एकदम धावत. डिजिटलमध्ये रुळांत वीज कायम असते. इंजिनाच्या पोटात एक चिप बसवून तिला नंबर द्यायचा. कंट्रोलरवर तो नंबर दाबला की फक्त तेच इंजिन हलतं.

छोट्या रेल्वेवाल्यांचं एक मंडळ होतं. त्याच्या अध्यक्षांनी नकारार्थी मान हलवली. "बाई, असल्या जुन्या इंजिनांत चिप टिकत नाही. त्यात तुमचा हात असा. माझ्याकडे द्या, मी बघतो."

"बघायला या की. देणार नाही."

तिनं टेबलाला शेगडा, म्हणजे स्क्रूनं आवळायची पकड, बसवला, त्यात इंजिन धरलं. सोल्डरची तार लाकडी ठोकळ्यावर चिकटवली आणि एका उजव्या हातानं काम सुरू केलं. पहिली चिप इंजिन रुळावर ठेवताक्षणी जळाली. घरभर वास.

बाबा दारात आले. "झालं समाधान?"

"का जळाली ते कळल्याशिवाय कसलं समाधान?"

चार दिवस ती मीटर घेऊन बसली. जेवताना ताटाकडेही धड बघितलं नाही. शेवटी सापडलं. मोटरचं एक टोक इंजिनाच्या धातूच्या अंगाला टेकलेलं होतं, आणि ते अंग रुळाला जोडलेलं. म्हणजे रुळातली वीज मागच्या दारानं चिपमध्ये शिरत होती. तिनं मोटरखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवली, धातूचा स्क्रू काढून नायलॉनचा लावला. धातूला धातू टेकला की वाजणारी मीटरची पीं-पीं थांबली.

नवी चिप टिकली. मग दुसऱ्या इंजिनातही बसवली. दोन्ही रुळावर ठेवून तिनं एकाला हाक दिली, तर दोन्ही सुटली आणि समोरासमोर धडकली! बाबा पोट धरून हसले. प्रत्येक नवी चिप कारखान्यातून तीन हाच नंबर घेऊन येते, हे आत्या वाचून विसरली होती.

"हसून घे," ती म्हणाली, आणि एकेक इंजिन वेगळं घेऊन एकाला एकोणीस, दुसऱ्याला बेचाळीस नंबर दिला.

रविवारी मंडळाच्या सभागृहात ती स्वतः खोका घेऊन गेली. अध्यक्ष पुढे झाले. "तुम्ही बसा, मी चालवून दाखवतो."

"बसायला घरी खुर्च्या आहेत."

एकोणीस फलाटावर थांबलं, बेचाळीस शेजारून निघून गेलं. वळणावर मात्र ते घसरलं. तीन-चार हात एकदम पुढे आले.

"हात मागे!" आत्या कडाडली.

एका हातानं बारकी चाकं रुळावर बसवायला तिला दोन मिनिटं लागली. सगळे हात मागे घेऊन उभे राहिले. मग गाडी सुटली आणि पूर्ण फेरी मारून आली.

अध्यक्षांनी हळूच विचारलं, "माझीही तीन जुनी पडून आहेत. आणून ठेवू का तुमच्याकडे?"

"ठेवायची नाहीत. शेजारी बसून शिकायचं. सोल्डरिंगची कांडी स्वतःची आणा."

आता दर गुरुवारी मागच्या खोलीत सहा-सात माणसं असतात. डावा हात तसाच आहे. आत्या त्याबद्दल बोलत नाही. परवा बाबांनी नव्या रुळांसाठी भिंतीला फळी ठोकून दिली. ती जराशी तिरकी बसली होती. आत्यानं उखडून परत ठोकायला लावली.