समोरच्या बाजूचे वकील

पुण्याहून वकिलीची परीक्षा पास होऊन मी नगरला परतले तेव्हा माझी समजूत अशी होती की शिकायचं ते शिकून झालं, आता फक्त करायचं. ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नगरच्या कोर्टात काळा कोट घातलेली दुसरी बाई मला तरी दिसत नव्हती. वडील सरकारी कचेरीत होते. त्यांच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ वकिलांनी मला ज्युनियर म्हणून घ्यायचं कबूल केलं. मी वाकून नमस्कार केला, आणि सर एवढंच म्हणाले, "उद्यापासून या. बसा. बघा."

मी बसले. बघितलं. पण काय बघायचं ते कोणी सांगितलंच नाही. सर कोर्टात उभे राहत आणि मी त्यांच्या मागे फायली धरून. ऑफिसात पक्षकार येत, माझ्याकडे बघून विचारत, "वकीलसाहेब कुठं गेलं?" एका म्हातारबुवांनी मला सरांची सून समजून पाणी मागितलं. मी निमूटपणे आणून दिलं. सरांना काही विचारावं, तर उत्तर ठरलेलं, "केस वाचा." वाचली तरी कळत नसे. एखाद्या साक्षीदाराला ते दोनच प्रश्न विचारून का सोडतात, आणि दुसऱ्याला तासभर का धरून ठेवतात, याचा मला काही केल्या उलगडा होईना. त्यांनी मला स्पष्टपणे सांगितलेला नियम एकच. "ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, तो प्रश्न उलटतपासात विचारायचा नाही." तो मी पाठ करून ठेवला होता.

मग विहिरीची केस आली. पारनेर तालुक्यातले दोन चुलतभाऊ. दोघांच्या शेताच्या बांधावर एक जुनी विहीर. त्यांचे वडील सख्खे भाऊ, दोघंही वारलेले; आमचा पक्षकार त्यातल्या थोरल्याचा मुलगा. त्याचं म्हणणं, विहीर दोघांच्या वडिलांनी मिळून खणली, म्हणून तिच्यात त्याचा निम्मा वाटा. धाकट्याचा मुलगा म्हणत होता, विहीर एकट्या माझ्या बापाची. पाऊस दगा देत होता, आसपासच्या विहिरी तळाला गेल्या होत्या आणि याच विहिरीत तेवढं पाणी होतं, म्हणून भांडण कोर्टात आलं. सर म्हणाले, "यातले साक्षीदार तुम्ही तपासा."

मला आनंद झाला. पहिला साक्षीदार समोरच्या बाजूचा, शेजारचा एक शेतकरी. मी प्रश्न कागदावर लिहून नेले होते, एकामागून एक. तो काहीतरी सांगत होता आणि मी पुढचा प्रश्न शोधत होते. संपलं तेव्हा वाटलं, बरं झालं.

जिन्यात समोरच्या बाजूचे वकील भेटले. म्हातारे गृहस्थ, कोटाच्या बाह्या विटलेल्या. आवाज मात्र खणखणीत. थांबून म्हणाले, "बाई, प्रश्न छान विचारता तुम्ही. पण उत्तर ऐकत नाही."

एवढं बोलून ते खाली उतरून गेले. मी तिथेच उभी. कुठलं उत्तर ऐकलं नाही? मला साक्षीदाराचं एकही वाक्य धड आठवेना. आणि हे यांनी मला का सांगावं? ते तर माझ्या विरुद्ध लढत होते.

संध्याकाळी सरांना सांगितलं. ते हसले. "त्यांचं मनावर घेऊ नका. ते असंच करतात. ज्युनियरच्या डोक्यात घोळ घातला, की त्यांचं निम्मं काम झालं."

"पण मला खरंच काही आठवत नाही, सर."

"आठवायचं कशाला? प्रश्न तयार असले की पुरे."

मी घरी गेले आणि जेवताना वडिलांनी काहीतरी विचारलं तेही ऐकलं नाही. आईनं टोकलं, "अगं, ते तुला विचारतायत." तेव्हा मला हसूही येईना. सरांचं खरं की त्यांचं? एकाच्या पायाशी वाकले होते, आणि दुसऱ्याचं बोलणं मनातून जात नव्हतं.

पुढच्या तारखेला समोरच्यांनी विहीर खणणाऱ्या त्या दोन्ही भावांच्या सख्ख्या बहिणीला साक्षीला आणलं. म्हणजे आमच्या पक्षकाराचीही ती आत्याच. ठसठशीत कुंकू, नाकात नथ, डोक्यावरून पदर. धाकट्या भावाच्या घरीच ती राहत होती. वकिलांनी विचारलं तसं तिनं सांगितलं, विहीर धाकट्याची. मग माझी पाळी आली. कागद हातात होता. वरचे दोन प्रश्न विचारून झाले. तिसरा होता, "विहीर खणली तेव्हा तुम्ही सासरी होता ना?" सरांनीच सांगितलेला. उत्तर "होय" येणार, म्हणजे तिनं डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही.

पण ती म्हणाली, "सासरी कशाला? म्या म्हायेरीच हुते. पाच म्हयन्याची गरवार. दोन्ही घरचा सैपाक म्याच रांधायचे की."

माझी नजर कागदावर चौथ्या प्रश्नाकडे गेली होती. तेवढ्यात जिन्यातला आवाज कानात वाजला आणि मी कागद खाली ठेवला. मागून सर हलकेच खाकरले. ते खाकरणं मला कळलं. तरी मी विचारलं.

"दोन्ही घरचा का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की ही पोर येडी आहे की काय. "आता! दोघं भाव खाली हिरीत, दोघांच्या बायका वर माती वडायला. मग रांधनार कोन?"

कोर्टात हसू पिकलं. आधी ती स्वतःच हसली, मग तिच्या लक्षात आलं आणि ती एकदम गप्प झाली. न्यायाधीश लिहून घेत होते. माझे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की मी वकील आहे.

इथेच खाली बसायला हवं होतं. पण आता मला ऐकण्याची चटक लागली होती. मी विचारलं, "मग दोघांनी खणलेली विहीर एकट्याची कशी झाली?"

ती खाली मान घालून म्हणाली, "भांडान झालं ना बाई पुढं. थोरला म्हनला, तुजं पानी मला इख हाय. तुज्या हिरीचं तोंड बगनार न्हाई. आन् मरस्तवर त्यानं बगितलं न्हाई."

आमचा पक्षकार मागच्या बाकावर बसला होता. त्याचा बाप असं म्हणाला होता, हे त्यानं आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. त्यानं तोंडावर उपरणं घेतलं.

बाहेर आल्यावर सरांनी फाइल काखेत मारली. मग म्हणाले, "कागदाबाहेरचा पहिला प्रश्न चांगला होता. दुसरा कोणी सांगितला होता विचारायला? तोंडी सोडलेला वाटा कायद्यात सुटत नाही, हे खरं. पण न्यायाधीशही माणूसच असतो. त्याच्या मनात ते राहणार."

त्यांच्या मागून समोरचे वकील आले. जाता जाता म्हणाले, "दुसरा प्रश्न फार चांगला होता, बाई."

त्यांना तो चांगला वाटणारच, त्यात त्यांचा फायदा होता. की म्हणून नव्हे? मला ठरवता येईना. एकाचा नियम मोडला होता, दुसऱ्याचं ऐकलं होतं, आणि दोघंही बरोबर ठरले होते. मग मी चुकले कुठे?

तोवर खाली आवारात वेगळंच चाललं होतं. कडुनिंबाखाली आत्या दोन्ही भाच्यांना समोर उभं करून बोलत होती. मी जिन्यातून ऐकलं. "मला येवड्या मानसांत बोलायला लावलं तुमी. भाव मेलं माजं, त्यांचं भांडान बी मेलं. तुमी का वढताय त्ये?" दोघे पन्नाशीचे बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे मान खाली घालून उभे. पुढच्या तारखेला दोघांनी तडजोड लिहून दिली. पाण्याची पाळी एक दिवसाआड. सर म्हणाले, असं होतं कधी कधी. मी जिंकले की हरले, ते मला अजूनही सांगता येत नाही.

काही दिवसांनी धीर करून मी त्या म्हाताऱ्या वकिलांना बार रूममध्ये गाठलं. विचारलं, "तुम्ही मला त्या दिवशी ते का सांगितलंत?"

त्यांनी मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. "काय म्हणालात?"

मी परत विचारलं.

"हां, ते होय. माझा डावा कान गेलाय, बाई. मला एकेक शब्द जीव लावून ऐकावा लागतो. आणि तुम्हाला दोन्ही कान धड असून तुम्ही कागद वाचत होतात. राग आला, म्हणून बोललो."

मी गुरुवाक्य म्हणून उरी धरलेलं वाक्य हे असं होतं. चिडून बोललेलं. मी हिरमुसले. मग चाचरत म्हटलं, "तुमच्या केसेस असतील तेव्हा मी मागे येऊन बसले तर चालेल का?"

"कोर्ट सगळ्यांना उघडं असतं," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले. होय म्हणाले की नाही, ते कळलं नाही. मी मात्र त्यांच्या केसेसना मागे जाऊन बसायला लागले.

सरांपासून हे लपवावं की सांगावं, याचा निर्णय होईना. शेवटी त्यांनीच एकदा विचारलं, "दुपारी कुठे होतात?" मी खरं ते सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून तिकडेच जा. ते चष्मा पुसत राहिले.

"काय चाललं होतं?"

मी साक्षीदाराची हकीकत सांगू लागले. एका जागी त्यांनी मला अडवलं. "थांबा. यावर त्यांनी काय विचारलं?"

"काहीच नाही, सर. ते नुसते गप्प उभे राहिले. मग साक्षीदार आपणहून बोलायला लागला."

सरांनी चष्मा चढवला. "हे मला कधी जमलं नाही," ते म्हणाले. मग डायरी ओढून, "परत कधी आहे त्यांची तारीख?"

मी वार सांगितला. त्या दिवशी त्या कोर्टात मागच्या बाकावर आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो, आणि कोण कुणाचं ज्युनियर, हे पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं.