सुनेने ऐकून घेतलेलं बोलणं

माझी धाकटी सून पाठीवर हवेची टाकी लावून समुद्राखाली पोहायला शिकवते. मला लिहिण्याची सवय नाही, पण गेल्या आठवड्यात मी तिच्या होडीवर होतो, म्हणून लिहितो.

घरात ती कुणाचं ऐकून घेत नाही, लगेच उलट उत्तर देते.

त्या दिवशी शिकायला आलेल्या एका नवख्या दुकानदारांच्या चष्म्यात खोल पाण्यात असताना पाणी शिरलं. ते घाबरले आणि श्वास रोखून सरळ वर सुटले. वर येताना छातीतली हवा फुगते. ती सोडत सावकाश आलं नाही तर फुप्फुस फाटतं. म्हणून सुनेने त्यांचा पाय धरला. त्यांनी तिच्या तोंडावर लाथ मारली आणि निसटले.

होडीत चढताच त्यांनी तोंडाचा पट्टा सुरू केला. "जीव घेत होतात माझा! पाय कसले ओढता?"

सुनेचा ओठ फाटला होता. ती म्हणाली, "बोला काका, अजून बोला."

"बोलणारच! भीती आहे का कुणाची?"

"अगं, ऐकून काय घेतेस?" मी विचारलं.

"जीभ नीट चालतेय तोवर बरं आहे, बाबा," ती हळूच म्हणाली.

"तुमची तक... तक्र..." दुकानदारांची जीभ जड झाली, उजवा हात लोंबला. फाटलेल्या फुप्फुसातली हवा रक्तातून मेंदूत गेली होती. सुनेने त्यांना आडवं करून ऑक्सिजन लावला आणि होडी किनाऱ्याकडे पळवली.

ते इस्पितळात आहेत. शुद्ध आली आहे, वाचा नाही. सून रोज त्यांच्या खोलीबाहेर बसून येते. काल जेवताना म्हणाली, "बाबा, एकदा तरी त्यांनी मला शिवी द्यावी हो."