गरम गाडी खोटं बोलते

आमच्या अंगणात रात्री पाहुण्या गाड्या मुक्कामाला असत. कुणाची जुनी जीप, कुणाचा भाजीचा टेम्पो, कधी वरातीतून थेट आलेली, गळ्यातला हारही न उतरवलेली एखादी गाडी. गाडीवाला संध्याकाळी चावी बाबांच्या हातात देई आणि पायी घरी जाई. धुरावरून गाडीचा बिघाड ओळखायचा तर ती रातभर थंड झालेली पाहिजे आणि सकाळचा पहिला सेल्फ आपल्यासमोरच मारला पाहिजे, असा बाबांचा नियम होता. "गरम गाडी खोटं बोलते," ते म्हणत. "झोपीतून उठल्या उठल्या मानूस आन् गाडी, दोघंबी खरं बोलतात."

बाबांची हयात नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवण्यात गेली. पुढे त्यांनी एक वापरलेली जीप घेतली. तिचा किलोमीटरचा काटा आमच्याकडे येण्याआधीच दमून थांबला होता, त्यामुळे तिचं खरं वय कुणालाच माहीत नव्हतं. पांढरकवड्याच्या आसपासच्या तांड्यांवरची आणि कोलामांच्या पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, पोरं या जीपमधून शाळेत जात. पोडावरून निघालं की थोडा कच्चा रस्ता, मग थेट हायवे. त्या हायवेवर जीप मधेच बंद पडली तर मागच्या ट्रकला वेळेवर ब्रेक लागेलच असं काही नाही. बाबांनी तसले अपघात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून दुसऱ्याच्या गाडीला ते एकदा तपासत, आणि स्वतःच्या जीपला रोज.

तपासायची रीत अशी. गाडी सुरू झाली की ते मागे जाऊन सायलेन्सरसमोर तळहात धरत, मग तो नाकाशी नेत. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त. एवढं तर शेंबडं पोरही सांगेल, असं ते म्हणत. खरी परीक्षा पांढऱ्या धुराची. पांढरा धूर थंडीची साधी वाफ असू शकतो, न जळलेलं कच्चं डिझेल असू शकतो, किंवा रेडिएटरचं पाणी इंजिनात शिरल्याची खूण असू शकतो. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. तिथे फक्त नाक चालतं, आणि बाबांच्या नाकाला तालुक्यात तोड नाही असं लोक म्हणत.

आई गेल्यापासून स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. त्याची खिडकी नेमकी अंगणात उघडते, म्हणजे गावभरच्या गाड्यांचा धूर आधी माझ्या चहात. माझ्या नाकावर राग कायमचाच राहायला आलेला आहे. मी खिडकीतून नाक मुरडायची, डोळे चोळायची, तोंडाचा पट्टा सोडायची. अलीकडे बाबा हात वर करून माझ्याकडे बघत उभे राहायचे आणि मग निकाल द्यायचे. मला वाटायचं, माझी बडबड संपायची वाट बघतात बिचारे.

मागच्या पावसाळ्यात त्यांना मोठा ताप येऊन गेला. त्यानंतर ते जेवताना काही बोलेनासे झाले. पूर्वी फोडणी जरा करपली तर ताटावरून उठणारा माणूस. एकदा आंबलेलं वरण त्यांनी गुपचूप खाल्लं आणि वर "चांगलं झालं" म्हणाले. मला वाटलं, बाबा निवळले. आजारपणाने माणूस मऊ होतो असं मी बहिणीला फोनवर सांगितलंसुद्धा, आणि आम्ही दोघी हसलो.

थंडी पडली आणि आमच्या जीपने पांढरा धूर सोडायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी बाबांनी हात धरला, नाकाशी नेला, माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाफ हाये." थंडीत कुठली गाडी वाफ सोडत नाही? मीही मान्य केलं. खरं सांगायचं तर या धुराबद्दल माझी तक्रारच नव्हती. डोळ्यांत झोंबत नव्हता की ठसका लागत नव्हता. उलट त्याला एक गोडसर वास होता, गुऱ्हाळाच्या बाजूने गेल्यावर येतो तसा. मला तो आवडायला लागला होता.

पण धूर हटेना. इतर गाड्यांची वाफ घटकाभरात विरायची. आमच्या जीपचा धूर ऊन वर आलं तरी अंगणात खाली बसून राहायचा, तुळशीच्या बुडाशी, दोरीवरच्या कपड्यांमधे. जीप पाणीही मागू लागली. रेडिएटरमधे नुसतं पाणी ओतणाऱ्यांना बाबा शिव्या घालत, स्वतः ते हिरवं कूलंटच वापरत. आता त्याचा डबा बघता बघता रिकामा व्हायचा आणि जीपखाली जमिनीवर मात्र एक थेंब दिसायचा नाही.

"बाबा, जातं कुठं हे पाणी? काहून रोज टाकून राह्यले तुमी?"

"म्हतारी झाली थे. म्हताऱ्या मानसाले तहान लागतेच, बाई."

मी हसले. पण कुठेतरी पाणी मुरत होतं हे मला कळत होतं. फक्त बाबा "वाफ" म्हणाले की माझ्या शंकेचं तोंड बंद व्हायचं. जवळच्या तांड्यावरची एक बाई रोज आमच्या अंगणात येऊन आपल्या पोरीला पुढच्या सीटवर बसवून द्यायची. तिने एकदा धुराकडे बघत विचारलं, "काका, बराबर हाये ना गाडी?" बाबांनी बॉनेटवर थाप मारली. ती निर्धास्त परत गेली. मी खिडकीतच उभी होते, आणि का कोण जाणे, जीप हायवेला लागून दिसेनाशी होईपर्यंत मला तिथून हलता आलं नाही.

मग एका सकाळी बाबांनी सेल्फ मारला आणि आतून 'ठक्' असा आवाज आला. कुणीतरी बंद दारावर आतून एकदाच धडक द्यावी तसा. पुन्हा मारला, पुन्हा ठक्. इंजिन जागचं हललं नाही. बाकीची पोरं दप्तरं घेऊन हायवेच्या नाक्यावर उभी असणार, म्हणून बाबांनी दुसऱ्या एका जीपवाल्याला फोन केला. तो आपल्या गाडीतून पोरं घेऊन गेला. मेकॅनिक दुपारच्या आत आला. त्याने इंजिनावरचे डिझेलचे नोझल काढून ठेवले, आम्हाला लांब व्हायला सांगितलं आणि सेल्फ फिरवला. इंजिनातून हिरवट पाण्याचं कारंजं उडालं आणि बाबांच्या शर्टावर पडलं.

"पिस्टनच्या डोक्यावर पानी बसलं होतं, काका. पानी अडवनारं गॅस्केट कवाचंच गेलं हे. रस्त्यात गरम होऊन बंद पडली असती तं..." पोरांच्या सीटकडे बघून तो थांबला. मग म्हणाला, "इतके दिवस कूलंटचा गोड वास नाही आला का तुमाले?"

बाबांनी इंजिनाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मेकॅनिक गेल्यावर ते ओल्या शर्टानेच ओट्यावर बसले. "तापानंतर मले कशाचाच वास येत नाही," ते म्हणाले. "फोडनीचा नाही, डिझेलचा नाही, उदबत्तीचाबी नाही."

"मग इतक्या गाड्या कशा सांगितल्या?"

"तुह्या तोंडाकडे पाहून. तू डोये चोळले का कच्चं डिझेल. गप राह्यली का वाफ." ओला शर्ट अंगापासून सोडवत ते म्हणाले, "आपल्या जीपच्या धुराले तू कधी नाक नाही मुरडलं, माय. तू तं हासत होती."

मला त्यांचा भयंकर राग आला. गावाचा विश्वास, पोरांचे जीव, सगळं या माणसाने माझ्या तोंडावर ठेवलं होतं आणि मला पत्ताही नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं आणि एकदम दुसरीच गोष्ट आठवली. ज्याच्या गाडीतून आज पोरं गेली होती, तोच जीपवाला संक्रांतीच्या सुमाराला आपली गाडी दाखवून गेला होता. तेव्हा मी उमरखेडला बहिणीकडे होते.

"बाबा, त्याच्या गाडीचा धूर कोणता होता?"

"पांढरा."

"मी नव्हते खिडकीत. मग कोणाच्या तोंडाकडे पाह्यलं तुमी?"

त्यांनी खिशातून फोन काढला.

फोन लावला तर लागत नव्हता. शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो कधी लागतच नाही. आम्ही दोघं शाळा सुटायच्या कितीतरी आधीच नाक्यावर जाऊन उभे राहिलो. ट्रकमागून ट्रक जात होते. लांबून मोठा हॉर्न वाजला की बाबा माझं मनगट धरत. शाळा सुटायची वेळ झाली, टळली, आणि तांड्यावरची ती बाईही येऊन आमच्या शेजारी उभी राहिली. तिने उशीर का झाला म्हणून विचारलं. "येतीलच," मी म्हणाले.

जीप आली. पोरं गोंगाट करत उतरली, तिची पोरगीही उतरली. सायलेन्सरमधून धूर नव्हता, काही नव्हतं, इंजिन गुणी बाळासारखं चालू होतं. "रस्त्यात गरम झाली होती जराशी," जीपवाला सहज म्हणाला. "थांबून पानी टाकलं."

"गाडी आज आमच्या अंगनात ठेव," बाबा म्हणाले.

"काका, संक्रांतीले तं पाह्यली तुमी."

"ठेव म्हनलं ना."

सकाळी जीपवाला आला. दोन-तीन जण नेहमीप्रमाणे बघायला जमले होते. त्या दिवशी मी खिडकीत थांबले नाही, अंगणात गेले. त्याने सेल्फ मारला. पांढरा धूर निघाला आणि माझ्या पायांशी साचत गेला. मी तळहात धरला, नाकाशी नेला. गोड होता. तोच, गुऱ्हाळाचा.

बाबा सगळ्यांमधे उभे राहून माझ्याकडे बघत होते, शाळेत निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसे. मी होतं नव्हतं तेवढं नाक मुरडलं.

"पानी," बाबा म्हणाले. "इंजनात पानी जाऊन राह्यलं. या गाडीत पोट्टे बसवू नको."

जीपवाला चिडला. "मांगं तं तुमीच वाफ म्हनलं होतं!"

माणसं बाबांकडे बघू लागली. आता ते काहीतरी थाप मारतील, असं मला वाटलं. खरं तर त्यांनी मारावी असंच मला वाटत होतं.

"म्हनलं होतं," बाबा म्हणाले. "तवा माहं नाक उमरखेडले गेलं होतं."

कुणालाच काही कळलं नाही. मी आत गेले आणि चहा ठेवला.