मावशींचा राग आणि खोर फक्कानच्या शेवया

संबंध अमिरातीत माझ्या बायकोच्या मावशींइतकं रागीट माणूस झालं नाही आणि होणारही नाही. मावशी मूळच्या अलिबागच्या. लग्न केलं नाही. रास अल खोरमध्ये जहाजांना धान्य, भाजीपाला पुरवणारी एक कंपनी होती, तिची सगळी खरेदी त्या बघत. राहायला करामा नावाच्या वस्तीत, आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये, त्यामुळे त्या चिडल्या की आम्हांला छतातूनच कळे. लिफ्ट उशिरा आली की लिफ्टला झापत. ऑगस्टमधल्या उन्हाला खिडकीतून "लाज नाही वाटत?" असं विचारत. आमचा मुलगा मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायचा. "आय डोन्ट वॉन्ट, आजी," तो म्हणाला की, "मराठीत नको म्हण, तरच ऐकू येईल मला!" असं ओरडून त्या वाटी त्याच्यापुढे सरकवत.

पण खरा राग कोळंबीवरून. मासळी बाजारात विक्रेता लाडात येऊन म्हणे, "हबीबी मॅडम, एकदम फ्रेश!" त्यावर मावशी, "हबीबी गया खड्डे में, ये कल का माल है!" करामातल्या हॉटेलांतली कोळंबी म्हणजे त्यांच्या मते तळलेलं रबर. त्यामुळे खोर फक्कानच्या बंदराजवळ पेनांगची एक बाई गाडीवर कोळंबीच्या रश्शात शेवया घालून विकते, असं त्यांच्या कंपनीच्या ड्रायव्हरने सांगितलं तेव्हा मावशी दोन दिवस धुमसत होत्या. "शेवया? कोळंबीत? उद्या खिरीत बोंबील घालतील!" आणि नावं ठेवायची तर आधी खाऊन बघायला हवं, म्हणून एका शुक्रवारी आम्हां सगळ्यांना माझ्याच गाडीत कोंबून, डोंगरातल्या प्रत्येक वळणावर माझ्या ड्रायव्हिंगचा उद्धार करत त्या निघाल्या.

निळी ताडपत्री, दोन शेगड्या, प्लास्टिकची स्टुलं. डोक्याला रुमाल बांधलेली एक ठेंगणी बाई कोळंबीची डोकी आणि सालं उकळून काढलेला लालभडक रस्सा पिवळ्या शेवयांवर ओतत होती. वर सोललेली कोळंबी, अर्धं अंडं आणि झणझणीत चटणी. मावशींनी पहिला घोट घेतला आणि गप्प झाल्या. आम्ही घाबरलो. वाडगा रिकामा करून त्या माझ्यावरच कडाडल्या, "इतकी वर्षं इथे राहताय जावईबापू, आणि हे आज खायला घालताय मला?"

दुसरा वाडगा समोर आला तेवढ्यात शेजारच्या टायवाल्या गृहस्थाच्या दाताखाली सालाचा तुकडा आला. त्याने भरला वाडगा त्या बाईच्या पायांशी फेकला. "जानवर का खाना है ये!" बाईच्या पायांवर गरम रस्सा उडाला. ती खाली वाकून शेवया गोळा करू लागली.

मावशी उठल्या. गंमत म्हणजे त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत.

"कटोरा उठाओ. और इनसे माफी माँगो."

"आप जानती हैं मैं कौन हूँ?"

"हाँ. जिसको घर में किसीने खाना नहीं सिखाया, वो."

आजूबाजूचे बंदरावरचे कामगार एकेक करून उभे राहिले. त्या माणसाने वाडगा उचलला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि गाडीत बसून निघून गेला.

तो कोण होता ते शनिवारी कळलं. मावशींच्या कंपनीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक असलेल्या जहाज कंपनीचा तो मॅनेजर. त्याने मावशींना ओळखून तक्रार केली होती. मावशींच्या कंपनीच्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "एक फोन करा, सॉरी म्हणा, खलास."

"तो बाईला सॉरी म्हणू दे, मग मी त्याला म्हणते," मावशी म्हणाल्या.

"मग नोकरी खलास."

"खलास तर खलास!"

माझ्या बायकोने रडून बघितलं. मावशी तिच्यावरच चिडल्या. मला त्या साहेबाचा राग आजही येतो. त्याचं गोदाम नुसतं वाळू आणि पत्रे होतं तेव्हापासून या बाईने ते उभं केलं होतं, आणि त्याला तिच्यासाठी एकदा तोंड उघडता आलं नाही! नोकरीबरोबर व्हिसा गेला. सामान बांधून झाल्यावर मावशींनी मला पुन्हा खोर फक्कानला न्यायला लावलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मावशी चटणी कमी झाली म्हणून मराठीत तावातावाने भांडल्या, ती बाई तिच्या भाषेत खळखळून हसली, आणि निघताना कितीतरी वेळ तिने मावशींचा हात सोडला नाही.

आता मावशी अलिबागला भावाकडे असतात. पूर्वी त्यांचा फोन आला की रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरावा लागे. हल्ली मी तो कानाला घट्ट दाबून धरतो. "मावशी, ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला."

"अहो," त्या म्हणतात, "मोठ्यानेच बोलतेय."